म्हाळसाच्या गाण्याचं शूटिंग

राजशेखरला मी मारणारच होतो, खोटं कामून बोलू. चप्पल हातात घेऊनच त्याच्या स्टुडिओची पायरी चढलो. तर त्या माणसानं मला बघून खुर्ची पुढं केली, समोरच्या हॉटेलात चहा सांगितला अन् वर हसून विचारलं, "अण्णा, अक्काला आवडलं का शूटिंग?" आता तुमीच सांगा, असल्या माणसाच्या तोंडावर चप्पल मारायची कशी? मी ती खाली टाकली अन् पायात घातली.

पण असं मधूनच सांगितलं तर तुमाला काय कळणार. पहिल्यापासून सांगतो.

मी लिंगाप्पा, हळ्ळीखेडचा. आमचं मूळ मेंढरं राखणाऱ्याचं. आज्याच्या काळापतोर कळप होता, आता आमी दुसऱ्याच्या रानात कामाला जातो अन् जमलं तर बटईनं तूर करतो. मी ढोलकी वाजवतो. माझी बायको म्हाळसा गाणं म्हणते. म्हणते काय, म्हणायची. ही चूक माझ्याकडून अजूनबी होती, तोंडाला सवय हाय.

तिला कुणी शिकवलं न्हाई. तिची माय खुरपताना म्हणायची, तिच्या मागून ही म्हणायची. मैलार मल्लण्णाची पदं, बिरप्पाची पदं, मराठीत म्हणा का कानडीत म्हणा, तिला सगळं सारखंच. पण लोक बोलवायचे ते तिच्या स्वतःच्या गाण्यासाठी. सासरी जळलेल्या पोरीचं गाणं, हैदराबादला कामाला जाऊन परत न आलेल्या माणसाचं गाणं, मेलेल्या म्हशीचंबी एक गाणं होतं तिचं, हसू नका, त्या गाण्याला लोक रडायचे. आवाज जाडाभरडा, मधीच फाटलेला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईचा घसा बसलाय. दुसऱ्या कडव्याला तोच माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचा. आमच्यात पेटी वाजवायचा गुरुबसव. त्याचं गावात किराणा दुकान हाय, लिंगायताचा माणूस, लई सज्जन. तो म्हणायचा, "म्हाळसाक्का, आज जरा बेतानं रडव. उद्या हीच लोकं माझ्या दुकानात तोंड पाडून येत्यात अन् मला वाटतंय, माझ्या डाळीत खडे निघाले."

घरात मात्र आमचं रोज वाजायचं. मी तापट, ती माझ्यावर ताण. मी एक बोललो की ती चार सुनावायची, अन् तेबी चालीत. शेजारचे म्हणायचे, ह्यांचं भांडण ऐकायलाबी चटई टाकून बसावं. माझा हात जरा जोरात पडला तर भर कार्यक्रमात माझ्याकडं न बघता म्हणायची, "आवं, ढोलकी हाय ती, भाकरी न्हाई थापायची." सगळा मांडव हसायचा. मला राग यायचा अन् बरंबी वाटायचं.

मग तिचा घसा जास्तच बसाय लागला. आधी आमी मनावर घेतलं न्हाई, आवाजच तसला होता तिचा. ज्येष्ठमध चघळला, हळद-दूध झालं, देवाला नारळ झाला. मिसरी सोड म्हणलो तर म्हणाली, "तुमी बिडी सोडा, मी मिसरी सोडते." दोघांनीबी कायच सोडलं न्हाई. भाकरीचा तुकडा गिळंना तवा सोलापूरला नेलं. तिथली डॉक्टरीण वयानं आमच्या लेकीएवढी. तिनं दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, अन् आठवड्यानं आमाला समोर बसवून सांगितलं.

"कॅन्सर आहे. आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही."

म्हाळसा म्हणाली, "किती दिवस?"

"कायमचंच, आजी. श्वाससुद्धा गळ्याला केलेल्या भोकातून घ्यावा लागेल."

सोलापूरहून बसनं निघालो. हुमनाबादला उतरलो, पुढची गाडी यायची होती, तिथं बाकड्यावर बसून म्हणाली, "मी न्हाई करणार."

त्यावरून आमचं जे भांडण झालं, तसलं कवाच झालं नव्हतं. मी म्हणलो, मरायची हौस आलीय का तुला. ती म्हणाली, व्हय, आलीय. मी म्हणलो, माझं कसं होईल ह्याचा इचार हाय का. ती म्हणाली, "तुमाला भाकरी करून घालायला आवाज लागत न्हाई, तेवढंच बघायलाव तुमी." हे मला लई लागलं. रेणू आमची लेक, राजेश्वर गावाला दिलीय, ती धावत आली. मायच्या गळ्यात पडून रडली. म्हाळसानं तिची पाठ थोपटली अन् म्हणाली, "आगं, पाखराचा गळा काढायचा अन् म्हणायचं पाखरू जगलं. कसलं जगणं ते?"   मी उठून भाईर जाऊन बसलो.

दोन-चार दिवस असेच गेले. मग एका सकाळी चुलीपुढं बसून तीच म्हणाली, "एक करा. माझा आवाज घरात ऱ्हायला पायजे. चांगलं शूटिंग करून ठेवा. रेणूची लेकरं ऐकतील. मीबी ऐकीन. मला वाटंल तवा लावून ऐकीन. एवढं करा, मग काय कापायचं ते कापू द्या त्यांना."

मी देव्हाऱ्यापुढं गेलो, मैलाराचा भंडारा उचलला अन् शब्द दिला. आमच्यात भंडारा उचलला की झालं, त्याच्या पुढं कागद लागत न्हाई अन् साक्षीदार लागत न्हाई. ती हात पुसून उठली. "चला, कवा जायचं सोलापूरला ते इचारा," म्हणाली.

रेणू म्हणाली, "अप्पा, मोबाईलवर घेऊ की, मी घेते." मी तिच्यावर खेकसलो. बारशाचं घेत्यात मोबाईलवर. माझ्या बायकोचं शेवटचं गाणं मी मोबाईलवर घेऊ? मग राजशेखरचं नाव निघालं. हुमनाबादला त्याचा स्टुडिओ. आमच्या सगळ्या पट्ट्यातली लग्नं तोच काढतो. क्रेनवरचा कॅमेरा, उडणारा कॅमेरा, सगळं हाय त्याच्याकडं. मी गेलो, हकिकत सांगितली. त्याच्या डोळ्याला पाणी आलं, खरंच आलं. म्हणाला, "अण्णा, ल्हानपणी जत्रेत अक्काचं गाणं ऐकत मी आयच्या मांडीवर झोपलोय. तुमी कायच बोलू नका. असं करतो की जिल्ह्यात कुणाचं झालं न्हाई." मी त्याला म्हणलो, एक नंबर झालं पायजे. तो म्हणाला, झालंच.

बिरप्पाच्या देवळापुढं मांडव घातला. ऊन कलताना कार्यक्रम सुरू केला. कुणाला निमंत्रण दिलं नव्हतं, पण गावात बातमी कुठं ऱ्हाती. म्हाळसाक्काचा आवाज काढणार हायत, आज शेवटचं म्हणायलीय, हे ऐकून माणसं आली. मादन हिप्परग्याहून बायका आल्या, तिथल्या जत्रेत तिनं कैक वर्षं गायलेलं. राजशेखर माईकवर म्हणाला, "सगळ्यांनी मोबाईल खाली ठेवा. हात वर आले की शूटिंग बिघडतंय." अन् नवल बघा, सगळ्यांनी ऐकलं. आमच्या गावानं कुणाचं असं एका शब्दात ऐकलेलं मी आजपतोर बघितलं नव्हतं.

म्हाळसा हिरवं लुगडं नेसून बसली. कपाळाला भंडारा. पहिलं पद मैलाराचं. अर्ध्यातच आवाज तुटला. ती थांबली, कोमट पाणी प्याली, गुरुबसवला पेटीची पट्टी एक उतरवायला सांगितली अन् परत धरलं. मग जे झालं ते मला नीट सांगता येणार न्हाई. रोगानं तिचा आवाज आणखी फाटला होता. वरचा सूर यायचा न्हाई, ती तिथं नुसता श्वास सोडायची, अन् त्या श्वासातबी गाणं ऐकू यायचं. तिनं स्वतः बांधलेलं एक पद हाय, मागं ऱ्हायलेल्या कोकराचं.

सगळी आली गं घराला, एक ऱ्हायलं माळाला,
कोण जाईल गं आता त्याला अंधारात बोलवायला.

एवढ्या दोन ओळी ती फिरून फिरून म्हणाली. दर खेपेला येगळ्या. बायका उघड रडायल्या. गुरुबसवनं मान खाली घातली ती वर केलीच न्हाई. माझा ठेका चुकला, तवा तिनं नेहमीसारखं मला काय सुनावलं न्हाई. मांडीवर हात मारून मला ठेका दाखवला अन् पुढं म्हणत ऱ्हायली. मला वाटलं, हिला आताच थांबवावं, आवाज संपायच्या आत उचलून घरी न्यावं. असले येडे इचार येत्यात माणसाला.

अन् आमच्याकडची रीत तुमाला ठाऊकच हाय. गाणं चालू असतानाच माणसं वर येत्यात. कुणी शाल घालतंय, कुणी नारळ देतंय, कुणी ओटी भरतंय. गावचे पुढारी आले, हार घातले, हार घालून झाल्यावर कॅमेऱ्याकडं तोंड करून थांबले. म्हाळसा हारातून म्हणत ऱ्हायली. शेवटी हार नाकापतोर आले तवा एका हातानं खाली दाबले. कॅमेरा ह्याच्याकडं जायचा, त्याच्याकडं जायचा. मला त्यात काय वावगं वाटलं न्हाई. लग्नात असंच असतंय.

डॉक्टरणीनं ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं. म्हाळसानं सगळी पदं म्हणली. शेवटी माईकपाशी तोंड नेऊन एवढंच बोलली, "झालं. आता सांभाळा."

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला, डॉक्टरीण बोलली तसंच. घरी आली ती गळ्याला भोक घेऊन, त्यावर पांढरं फडकं. बोलायला गेली की नुसती हवा. पहिल्या दिवशी कोंबडी घरात शिरली, तिला हाकलायला म्हाळसानं तोंड उघडलं, अन् कायच आलं न्हाई. कोंबडी तशीच दाणे टिपत ऱ्हायली. म्हाळसानं माझ्याकडं बघितलं. मी उठून कोंबडी हाकलली अन् गोठ्यात जाऊन रडलो. तिच्यासमोर रडायची लाज वाटली.

घर असं शांत झालं की मला शिव्या खायची भूक लागाय लागली. ती मला बोलवायला ताटलीवर पळी वाजवायची. शाळा बघितलेली न्हाई तिनं, त्यामुळं लिहून दाखवायचाबी प्रश्न न्हाई. सगळं हातानं. अन् रोज एक खूण ठरलेली. टीव्हीकडं बोट, मग दोन्ही हात उताणे. शूटिंग कवा? मी म्हणायचो, येईल. लग्नाचे दिवस होते. राजशेखरला फोन केला की तो म्हणायचा, "मिक्सिंग चालू हाय अण्णा. लई भारी करायलोय. घाई करू नका, अक्काचं काम हाय." मी तिला तसंच सांगायचो, लई भारी करायलाय म्हणून. ती मान हलवायची. चेहऱ्यावर जरा हसू यायचं. ती सगळं सोसायली होती ते त्या एका गोष्टीच्या जोरावर, हे मला दिसत होतं.

पेन ड्राईव्ह आला त्या दिवशी ती रेणूसंगं सोलापूरला तपासणीला गेलती. राजशेखरनं स्वतः आणून दिला. डबीत घालून, डबीवर तिचा फोटो छापून, सोबत पेढे. मला दम निघंना. घरच्या टीव्हीला ते लावायचं कसं मला ठाऊक न्हाई, गुरुबसवच्या दुकानातबी टीव्ही हाय, तिथं गेलो. त्यानं गिऱ्हाईक होतं तसं थांबवलं अन् पेन ड्राईव्ह लावला.

सुरुवातीला सोनेरी अक्षरात नाव आलं. मग कमळ उमललं अन् त्यातून म्हाळसाचा फोटो गोल फिरत वर आला. देऊळ आभाळातून दिसलं, मांडव दिसला, गर्दी दिसली. मागं बासरी चालू. गुरुबसव म्हणाला, "लई झक्कास केलंय." मग म्हाळसा दिसली. पाणी प्याली, डोळे मिटले, तोंड उघडलं. अन् सनई सुरू झाली.

आमाला वाटलं, आता येईल आवाज. सनई संपली, कुठल्यातरी पिच्चरचं गाणं लागलं, बाप्याच्या आवाजात. म्हाळसा तोंड उघडायलीय, मिटायलीय, गळ्याच्या शिरा ताणल्यात, अन् गाणं म्हणायलाय कोण, तर दुसराच कुणीतरी. गुरुबसवनं आवाज वाढवला. गाणं मोठं झालं, म्हाळसा न्हाई. पुढाऱ्यांनी हार घातले ते हळूहळू, पाण्यातून चालल्यासारखे. फुलं पडली. परत बासरी. शेवटी तिनं माईकपाशी तोंड नेलं, ओठ हलले, अन् वरून अक्षरं आली, धन्यवाद.

गुरुबसवनं टीव्ही बंद केला. गिऱ्हाईक साखर तशीच ठेवून निघून गेलं. मी पहिली बस धरून हुमनाबादला गेलो, चप्पल हातात घेऊन पायरी चढलो, ते मी मघाशी सांगितलंच.

मी म्हणलो, "आवाज कुठाय?"

"कसला आवाज, अण्णा?"

"म्हाळसाचा."

 त्याचा चेहरा उतरला. खाली बसला. "अण्णा, चालू आवाज आमी ठेवत न्हाई. लग्नात जनरेटरचा आवाज असतोय, लेकरं रडत्यात, वाढप्यांचा आरडाओरडा असतोय. ते सगळं काढून वर गाणं टाकतो. ह्या धंद्यात आल्यापासून एकानंबी मला आवाज ठेव म्हणलं न्हाई. उलट आवाज ऱ्हायला तर भांडायला येत्यात." मग म्हणाला, "अक्काचं होतं म्हणून मी सगळ्यात महागातलं म्युझिक टाकलं, अण्णा. स्वतः बसून टाकलं."

पाणी आण म्हणल्यावर तांब्यात आण म्हणून कुणी सांगतंय का? गाण्याचं शूटिंग कर म्हणल्यावर गाणं ठेव म्हणून सांगावं लागंल, हे माझ्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं. अन् त्याच्या डोक्यात ठेवावं म्हणून आलं न्हाई. मी म्हणलो, "मूळचं असंल की, कॅमेऱ्यातलं." तो रडाय लागला. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यानं पुसलं होतं, त्यावर पुढची लग्नं काढली होती. बिचारा दुसऱ्या दिवशी धंदा बंद ठेवून ते कार्ड घेऊन हैदराबादला गेला, तिथं कुणी पुसलेलं काढून देतंय म्हणून. चार-दोन चित्रं निघाली. त्यात एक नवरी होती. आवाजाचा एक कणबी न्हाई. माझा राग असा झाला की ठेवायला जागाच न्हाई. देवावर काढावा तर भंडारा मीच उचललेला.

मग मी दारोदार फिरलो. कुणाच्या मोबाईलात असंल तर. प्रत्येक जण एकच बोलायचा, "अण्णा, खाली ठेवा म्हणलाव की तुमी." आधीच्या जत्रांतलं कुणाकडं होतं का इचारलं. फोन बदलला, फोन पाण्यात पडला, जागा भरली म्हणून काढून टाकलं. रोज ऐकायला मिळणारा आवाज कोण जपून ठेवतंय, त्यांचं तरी काय चुकलं. शेवटी कळलं, मादन हिप्परग्याच्या नेत्रावतीकडं हाय. गाड्या बदलत गेलो. बाई भली, घरात बोलवून आधी पाणी दिलं. म्हणाली, मोबाईल खाली ठेवा म्हणले तवा मी खाली ठेवला, पण चालूच ठेवला, चूक झाली असंल तर माफ करा. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. तिनं लावलं. मी फोन कानाला लावला.

ढोलकी. फोन ढोलकीपाशीच पडलेला. धाडधाड माझाच हात. लई लांब, हिरीच्या तळातून आल्यासारखं काहीतरी होतं, ते तिचं होतं का वाऱ्याचं, मला सांगता आलं न्हाई. मी शेवटापतोर ऐकलं. परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. माझ्याच हातानं तिला झाकून टाकलं होतं. नेत्रावतीनं इचारलं, "मिळालं का अण्णा?" मी म्हणलो, मिळालं, अन् निघालो.

म्हाळसाला काय सांगायचं? मी खोटं बोलत ऱ्हायलो. राजशेखर गावाला गेलाय. त्याचं कॉम्प्युटर बिघडलंय. ती माझ्या तोंडाकडं बघायची. इतक्या वर्षांत माझं एकबी खोटं तिच्यापुढं टिकलं न्हाई, हे कुठलं टिकणार. एक दिवस दुपारी रेणू आलती. म्हाळसानं ज्वारीच्या कोठीमागून मी दडवलेली डबी काढली अन् माझ्यापुढं ठेवली. डबीवर तिचाच फोटो. मग टीव्हीकडं बोट केलं. ह्या खेपेला हात उताणे केले न्हाईत.

मी म्हणलो, "म्हाळसा, त्यात तुझा आवाज न्हाई गं. काढून टाकला त्यांनी. मी लई हिंडलो. कुठंच ऱ्हायला न्हाई."

तिनं ऐकून घेतलं. परत टीव्हीकडं बोट केलं. मला वाटतं, तिचा इश्वास बसला न्हाई. कुणाचा बसंल? रेणूनं लावून दिलं अन् आत चहा ठेवायला गेली. तिला बघवणार नव्हतं.

म्हाळसा टीव्हीपुढं बसली, मी तिच्या मागं, डाव्या हाताला. कार्यक्रमात तिथंच बसायचो, त्यामुळं पाय आपोआप तिकडं गेले. कमळ उमललं, फोटो फिरला, बासरी वाजली. तिनं तोंड उघडलं, सनई आली. मी श्वास धरून बसलो. आता ही उठंल, टीव्ही फोडंल, माझ्या अंगावर येईल. खरं सांगतो, मला तेच पायजे होतं. पण ती हलली न्हाई. पाठ ताठ, डोक्यावर पदर, हात मांडीवर. ते पिच्चरचं गाणं लागलं तरी तशीच.

जरा वेळानं माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, सोसलं हिनं. माझ्यापेक्षा ही आधीच घट्ट. मी बोलायबी लागलो. "बघ की, गर्दी किती होती," म्हणलो. "हिप्परग्याच्या बायका बघ." पडद्यावर माझा हात दिसला तसा मी ओळखलं, म्हणलो, "हे तुझं कोकराचं पद, बघ. हितं मी चुकलोय." ती ऐकत होती असं मला वाटलं. एकदा तर हसलोबी मी, गुरुबसवची मान खाली गेलेली बघून. शूटिंग संपलं. धन्यवाद आलं.

रेणू चहा घेऊन आली. ती मायच्या समोरून आली, तिथंच थांबली. ताट खाली ठेवलं अन् माझ्याकडं बघून म्हणाली, "अप्पा, तुमी इतका वेळ काय करायलाव?"

मी उठून पुढं गेलो.

म्हाळसाचं तोंड उघडं होतं. मयतावर बायका रडत्यात तसं, सगळं. डोळे लाल, नाक गळायलेलं, गळ्यावरचं फडकं भिजून चिकटलेलं, पदराचा पुढचा भाग वला. छाती धपापायली होती. ती आत्ता रडाय लागली नव्हती. पहिली सनई वाजली तवापासून ती हंबरडा फोडायली होती, अन् त्यातला एक थेंबबी माझ्या कानात पडला न्हाई. भोकातला श्वास असंल तो वाजंत्रीत बुडाला.

मी त्या बाईला कानानं ओळखलं सगळं आयुष्य. रागावली, हसली, दुखलं-खुपलं, मागं बसून कळायचं मला, तोंड बघायची गरज पडली न्हाई. आता ती माझ्यापुढं हातभरावर रडायली होती, अन् मी तिला म्हणायलो होतो, बघ, गर्दी किती होती.

मी तिचं तोंड पुसलं. तिनं पुसू दिलं. रेणूनं टीव्हीची पिन काढली. चहा निवला, तो कुणीच घेतला न्हाई.

आता घरात मी तिच्या मागं बसत न्हाई. जेवताना, तूर निवडताना, उगंच बसलो तरी समोर बसतो. तिला ते आवडत न्हाई, काय टक लावून बघायलाव म्हणून हात झाडते. झाडू दे. मला बघावं लागतंय.